खापर कुठे ठेवायचं? माझ्या अहिराणी संग्रहाच्या फेरमांडणीची नोंद

गेल्या श्रावणात, कानबाईच्या आदल्या रात्री, पुण्याहून पुतणीचा फोन आला. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे नारळाच्या रूपात पुजली जाणारी देवी, बसते, आणि त्यांच्या भावबंदकीत या वेळी ती हिच्या घरी होती. "काकू, नारळाला दागिने घालताना म्हणायचं ते गाणं तुमच्याकडे आहे ना? सासूबाईंना अर्धंच आठवतंय."

गाणं होतं, मीच उतरवून घेतलेलं. पण ते सापडायला रात्रीचे पावणेबारा वाजले. सहाव्या वहीत 'शिंदखेडा, लग्न' या मथळ्याखाली होतं, कारण सांगणारी आजी मला एका लग्नात भेटली होती. तोवर पुतणी झोपून गेली होती. सकाळी त्यांनी अर्ध्याच गाण्यावर कानबाई बसवली. मला ते फार लागलं.

आमच्या खानदेशच्या अहिराणी बोलीतले शब्द आणि गाणी उतरवून घेता घेता २०१४ पासून माझ्या अकरा वह्या भरल्या आहेत. शिवाय सासऱ्यांनी नव्वदच्या दशकात लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा एक पत्र्याचा डबा आहे. सगळं लावलेलं आहे ते मी ज्या वाटेने फिरले त्या वाटेने: तारीख, गाव, कोण भेटलं. मी कधी कुठे गेले होते हे शोधायला येणाऱ्याला ठाऊक नसतं. त्याच्याकडे एक शब्द असतो, एखादा सण असतो, नाहीतर आजीच्या तोंडचा अर्धा तुकडा. त्या तुकड्यावरून आत शिरता आलं पाहिजे, एवढंच ठरवून ऑक्टोबरमध्ये सगळ्या वह्या उसवायला घेतल्या. एक शब्द, एक चिठ्ठी.

अक्षरांची अडचण

पहिला विचार सरळ होता, अकारविल्हे लावू. दोन आठवड्यांत तो अडला. आपल्याकडे ळ चा य होतो. जळगावचं जयगाव, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. ण चा न होतो, पाण्याचं पानी. पण प्रत्येक माणूस प्रत्येक वेळी तसंच बोलतो असं नाही. शाळा शिकलेली मुलगी 'डोळा' म्हणते, तिची आजी 'डोया', आणि मी जसं ऐकलं तसं लिहिलेलं. म्हणजे एकाच शब्दाच्या चिठ्ठ्या दोन घरांत. तक्ता संगणकावर घातला तर आणखी एक भानगड: युनिकोडच्या क्रमात ळ हे ल च्या पाठोपाठ, व च्या आधी येतं. आपण तर ते ह च्या नंतर शोधतो.

यावर जे जमलं ते सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण याच ठिकाणी अडलेले आहेत. तक्त्यात एक जास्तीचा रकाना केला. त्यात प्रत्येक शब्द पुन्हा लिहिला, पण ळ च्या जागी य आणि ण च्या जागी न घालून. क्रम लावायचा तो या रकान्यावरून, दाखवायचा तो मूळ शब्द, जसा ऐकला तसा. आता डोळा आणि डोया शेजारी बसतात. 'माळ' या रकान्यात 'माय' होऊन आईशेजारी येते, पण त्याने काही बिघडत नाही, अर्थ समोर लिहिलेला असतो. विहीर, इहीर, हीर यांना मात्र असा नियम पुरत नाही. तिथे 'अमुक पाहा' अशा कोऱ्या चिठ्ठ्याच घालाव्या लागल्या. आजपर्यंत २१२ झाल्या आहेत.

फुईचा ढीग

जानेवारीत हा उद्योग सगळ्यात जास्त शिकवून गेला. प्रसंगांप्रमाणे कप्पे करायचे होते आणि मी स्वतःच २३ कप्पे ठरवून बसले होते: स्वयंपाक, शेती, गुरं, लग्न, नाती, आजार, असे. घरी दाखवले तर कुणालाच ते ध्यानात राहीनात. मग ६० चिठ्ठ्या निवडल्या, ओट्यावर सतरंजी टाकली आणि फुईंना सांगितलं, जे जे एकत्र राहावं असं तुम्हाला वाटतं ते एकत्र ठेवा. फुई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या, वय ८१, लिहिता येत नाही. मी एकेक शब्द वाचून दाखवायचा, त्यांनी ढीग दाखवायचा.

'खापर' आलं, म्हणजे मांडे भाजायचं मातीचं पालथं भांडं. मी ते स्वयंपाकात घातलं होतं. फुईंनी ते पाव्हण्यांच्या ढिगात टाकलं, 'जवाई'शेजारी. मी विचारलं, असं का? म्हणाल्या, "पाव्हना उनात तरच खापर निंघस ना वं! मांडा रोज कोन करस?" म्हणजे पाहुणे आले तरच खापर निघतं, मांडे रोज कोण करतं?

त्या एका उत्तराने माझे निम्मे कप्पे मोडले. कळण्याची भाकर आणि मांडे मी एकाच 'खाणे' कप्प्यात घातले होते. फुईंच्या लेखी त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. भाकर रोजच्या दिवसाची, मांडे माणसं येण्याचे.

पुढच्या रविवारी जिभाऊंना बसवलं. ते आयुष्यभर वावरात राबलेले, त्यांनी ढीग लावले ते मिरगापासून, पावसाच्या हिशोबाने. केळीचे शब्द सुद्धा त्यांनी मृगबाग आणि कांदेबाग असे लागवडीप्रमाणे वेगळे काढले. मग मोटेच्या, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायच्या साधनाच्या चिठ्ठ्या आल्या: नाडा, सोंदूर, धाव, थारोळं. त्या कुठेच न ठेवता हातात धरून बसले. थोड्या वेळाने सतरंजीच्या बाहेर, फरशीवर ठेवल्या. "हाई आते कोठे शे? गयं हाई." हे आता कुठे आहे? गेलं हे. आणि त्यानंतर पहिल्या ढिगांतून आणखी सात-आठ चिठ्ठ्या उचलून त्यांनी त्या फरशीवर नेल्या.

तो कप्पा मी तसाच ठेवला आहे, नावही तेच: 'गयं'. माझ्या २३ नावांत ते आलं नसतं. आता एकूण नऊ कप्पे आहेत आणि त्यांतली सहा नावं फुईंची आणि जिभाऊंची आहेत.

कुणाची बोली, कुठली चिठ्ठी

सासऱ्यांच्या डब्यातल्या शहादा-तळोद्याच्या चिठ्ठ्यांवर 'धुळे जिल्हा' लिहिलेलं आहे. त्यात चूक नाही, नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. पण आजचा वाचक धुळ्यात शोधेल आणि रिकाम्या हाताने परत जाईल. म्हणून जिल्हा काढून टाकला. प्रत्येक चिठ्ठीवर गाव, आणि कोपऱ्याला बोलीचा रंग.

रंगाचा आग्रह मी धरणारच. यावल-रावेरकडचे शब्द आपण सर्रास अहिराणीत घालतो. बहिणाबाईंची भाषासुद्धा लोक अहिराणी म्हणून सांगतात. त्या असोद्याच्या, त्यांची बोली लेवा. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशी (अहिराणी तिथे याच नावाखाली येते) शोधायची तर मराठीचा सातवा खंड कितीही चाळा, मिळणार नाही. ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात आहे, भिल्ल बोलींसोबत, १९०७ चा. मीही आधी सातवाच उघडला होता. नाव एका घरात आणि माणूस दुसऱ्या घरात असं झालं की शोधणाऱ्याची संध्याकाळ जाते. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. तो मी डब्याच्या झाकणावर आतून चिकटवला आहे.

माझे रंग: अहिराणी पिवळा, लेवा हिरवा, गुजरी निळा. भिली आणि पावरीच्या ४० चिठ्ठ्या आहेत, त्यांना रंग दिलेला नाही. त्या बोलणाऱ्या माणसांबरोबर बसून तपासल्याशिवाय देणारही नाही.

आज कुठवर आलं

४,१८० शब्दांपैकी २,८६० चिठ्ठ्यांवर उतरले. ओव्या आणि गाणी ३८०, त्यांची सूची दोन अंगांनी केली, पहिल्या ओळीवरून आणि प्रसंगावरून. पहिल्या ओळीची सूची मला पुरेशी वाटत होती, पण माणसांना बहुतेक वेळा मधलीच ओळ आठवते. म्हणून प्रत्येक गाण्यातला एक ठळक शब्द, पाळणा, झोका, नथ असा काहीतरी, तिसऱ्या सूचीत घालते आहे. हे काम सावकाश चाललं आहे, कारण त्यासाठी गाणं पुन्हा ऐकावं लागतं.

ध्वनिमुद्रणं ९६. त्यांच्या फायलींना आता तारखेऐवजी प्रसंग, गाव, पहिले दोन शब्द अशी नावं दिली. पावसाळ्यात दमटपणाने चिठ्ठ्या एकमेकींना चिकटतात, त्यासाठी बुटांची खोकी सोडून झाकणाचे स्टीलचे डबे घेतले, पाच झाले.

गेल्या आठवड्यात शेजारच्या बारा वर्षांच्या मुलीला दहा प्रश्न दिले. भुलाबाईचं गाणं काढ, 'बठ्ठा' म्हणजे काय ते सांग, मोटेच्या दोराला काय म्हणतात, असे. आठ तिने न विचारता काढले. 'आंडेर' सापडला नाही, कारण ती 'मुलगी' शोधत होती आणि मराठीकडून अहिराणीकडे येणारी सूची मी अजून केलेलीच नाही. दहावा प्रश्न कानबाईच्या त्या गाण्याचा होता. तो तिने सगळ्यात आधी सोडवला.

तर आता मराठीकडून येणारी सूची हे पुढचं काम. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरवाशिणी येतील, तेव्हा दोन दिवस घरात सात-आठ जणी असतील. तोवर ७०० शब्दांची तरी तयार ठेवायची आहे, म्हणजे त्यांच्या हातून तपासून घेता येईल. तुमच्यापैकी कुणी अशी उलटी सूची केली असेल तर एका मराठी शब्दासमोर तीन गावांचे तीन शब्द येतात तेव्हा पहिला कुठला लिहिता, ते मला कळवा. फुईंचं म्हणणं आहे की ज्या गावात सूर्य आधी उगवतो त्याचा. पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे तापीच्या वाहण्याने. मला ते पटलं आहे, पहिल्या शंभर शब्दांना तसंच करून पाहते.