एसटीएस करायचीय? आधी एथिक्स कमिटीची मीटिंग कधी आहे ते विचारा

ज्युनिअर्सचे सारखे मेसेज येतायत, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस करू का, अभ्यास बुडेल का, म्हणून एकदाच नीट लिहितोय.

एसटीएस म्हणजे शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, 1979 पासून चालू आहे. एमबीबीएस, बीडीएसच्या पोरांसाठी, दोन महिने, आपल्याच कॉलेजात आपल्याच गाईडकडे छोटा रिसर्च करायचा. स्टायपेंड रिपोर्ट पास झाला तरच मिळतो, त्यामुळे नुसतं सिलेक्शन झालं म्हणून पार्टी देऊ नका.

माझा विषय साधा होता, डायबेटिसच्या पेशंटच्या पायाला स्पर्श कळतो का. त्याला मोनोफिलामेंट लागतं, म्हणजे नायलॉनचा एक तंतू, तळपायावर टेकवला की 10 ग्रॅम दाबाला वाकतो, आणि तेवढंही पेशंटला कळलं नाही तर समजायचं की काटा रुतला, जखम झाली तरी त्याला पत्ता लागणार नाही. मशीन नाही, रक्त नाही, खर्च जवळपास शून्य. सरकारी कॉलेजात असाच विषय घ्या, जीन सिक्वेन्सिंगच्या मागे लागू नका, किटची ऑर्डर येईपर्यंत दोन महिने संपतात.

माझं घोडं अडलं ते कन्सेंट फॉर्मवर, म्हणजे पेशंटच्या संमतीच्या कागदावर. इंग्रजी फॉर्मचं मी मराठी केलं, त्यात लिहिलं 'संवेदनक्षमता चाचणी', एथिक्स कमिटीने (पेशंटवरच्या रिसर्चला परवानगी देणारी समिती) पास पण केलं, आणि ओपीडीत पहिल्याच दिवशी एका काकांनी सही करायला नकार दिला, म्हणाले ऑपरेशनचा कागद दिसतोय हा, पोराला विचारून सांगतो. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मग मी परत लिहिलं, 'तुमच्या पायाला स्पर्श कळतो का ते बघणार, सुई टोचणार नाही, रक्त काढणार नाही, नाही म्हणालात तरी उपचार तसेच चालू राहतील'. पण फॉर्म बदलला की परत कमिटीकडे जावं लागतं आणि मीटिंग रोज नसते, माझे जवळपास तीन आठवडे त्यातच गेले. म्हणून म्हणतो, फॉर्म आधी घरी आजीला वाचून दाखवा, तिला कळला तरच कमिटीकडे पाठवा. आणि प्रपोजल सबमिट केलं की लगेच कमिटीच्या मागे लागा, सिलेक्शनची वाट बघत बसू नका.

बीएस्सी, एमएस्सीवाल्यांना एसटीएस नाही, पण बेंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची समर फेलोशिप आहे, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची व्हीएसआरपी ही विद्यार्थ्यांसाठीची रिसर्च योजना आहे, आणि एनसीसीएस (पेशींवर संशोधन करणारी संस्था), आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) पुण्यातच आहेत. तिथल्या सरांना मेल करताना त्यांचा एखादा पेपर खरंच वाचून त्यावर दोन ओळी लिहा, तोच मेल पन्नास जणांना ढकलू नका.

अभ्यासाचं म्हणाल तर थोडा बुडाला, खोटं कशाला सांगू. पण एक मावशी होत्या, चप्पल पायातून निसटली तरी मागून कोणी सांगेपर्यंत त्यांना कळत नव्हतं. पुस्तकातली न्यूरोपॅथी, म्हणजे नसा खराब होणं, मला त्या दिवशी कळली, आणि आता डायबेटिसचा पेशंट आला की मी आधी त्याला चप्पल काढायला सांगतो.