डेपो एक घर अलीकडे

आमच्या बंदराकाठच्या पोरांना बर्फ ठाऊक तो मासळीच्या खोक्यातला. त्यांना अंटार्क्टिका कशी शिकवणार? म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दोन चार्टपेपर जोडून पट तयार केला. दक्षिण ध्रुवावर आधी कोण पोचतो, या चढाओढीतले दोन म्होरके: एक गट स्कॉटचा, एक अमुंडसेनचा. फासा नाही. एक घर सरकायला एक चिंचोका, म्हणजे दिवसाचा शिधा. आधी वाटेत डेपो, म्हणजे शिध्याचा साठा, ठेवून यायचं, मग ध्रुवाकडे निघायचं.

"एसटीचा डेपो काय, बाई?"

अमुंडसेनवाले मजेत होते. त्याने डेपोच्या दोन्ही बाजूंना झेंड्यांची लांब आडवी रांग लावली होती, त्यामुळे वाट थोडी चुकली तरी डेपो हुकत नसे. रॉकेलचे डबेही त्याने डाग देऊन बंद केले होते. स्कॉटच्या डब्यांना चामड्याचे वायसर, त्यातून रॉकेल उडून जायचं. त्याचंही एक कार्ड होतं.

स्कॉटच्या गटाची म्होरकी मोजूनमापून खेळणारी. डेपो 80 अंश अक्षांशावर ठेवायचा होता. एकच घर उरलं असताना 'घोडे थकले' हे कार्ड निघालं. पुढे रेटलं तर घोडा जाणार. तिने डेपो तिथेच, एक घर अलीकडे ठेवला. मी गप्प बसले.

परतीला तिचे चिंचोके नेमके 80 अंशांच्या घरात संपले. डेपो समोरच्या घरात. दुसऱ्या गटातल्या एकाने हळूच आपला चिंचोका सरकवला. मी तो परत घ्यायला लावला. ते बरोबर केलं का, अजून ठरत नाही.

मग सांगितलं. फेब्रुवारी 1911 मध्ये स्कॉटनेही थकलेले घोडे पाहून मोठा डेपो 79 अंश 29 मिनिटांवरच ठेवला. त्याचा साथीदार ओट्स म्हणत होता, पुढे नेऊ. मार्च 1912 च्या अखेरीस स्कॉट आणि उरलेले दोन साथीदार त्या डेपोपासून सुमारे 20 किलोमीटरवर तंबूतच मरण पावले. 80 अंशांना राहिलेली 31 मिनिटं (एका अंशाची 60 मिनिटं) म्हणजे 57 किलोमीटर, हे पोरांनीच फळ्यावर काढलं. डेपो ठरल्या जागी असता तर तो त्यांना आधीच लागला असता.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" एकजण चिडून म्हणाला. मी हो म्हटलं.

ती पटाकडेच बघत होती. "मग घोडे तरी वाचले का, बाई?"

"त्या फेरीला आठ नेले होते. दोन उरले."

तिने डेपोतले चिंचोके मोजले आणि परत तिथेच ठेवले.