आमची वाटचाल : खिळ्यांपासून फ्लेक्सपर्यंत

मुलगा म्हणाला पप्पा, आमची वाटचाल तुम्हीच लिहा पण थोडक्यात लिहा. पासष्टी उलटलेल्या माणसाला थोडक्यात लिहायला सांगतो म्हणजे कमालच आहे, तरी बघतो.

आमचा छापखाना नगरला, 1988 पासून. पण मी काही पहिल्यापासून छापखानेवाला नाही. 1975 ला दहावी झालो, नव्या पद्धतीची पहिलीच बॅच आमची. वडील मिशन कंपाउंडात सुतारकाम करायचे, चर्चची बाकं, पुलपिट, शवपेट्या, सगळं. त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढली पण रंधा काय मला वश झाला नाही. मग साखर कारखान्यावर एक हंगाम काट्यावर पावत्या लिहिल्या, रात्री दोन वाजता बैलगाड्यांची ही लांब रांग, बोटं गारठलेली आणि गाडीवान ओरडतायत. पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, तसं आमचं कामही संपलं.

मग मुंबई. मामाच्या ओळखीनं एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार. म्हणजे सकाळी गेटवर उभं राहायचं आणि कोण गैरहजर असेल त्याच्या जागी आत जायचं, महिन्यात बारा-पंधरा दिवस भरले तरी नशीब. रविवारी भायखळ्याला मराठी उपासनेला जायचो, तिथं एक म्हातारे कंपोझिटर, म्हणजे छापखान्यात अक्षरं जुळवणारे, माझ्या शेजारी बसायचे. निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात कामाला लागले होते हे त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितलं असेल. मला तेव्हा त्याचं काही नव्हतं, मला दोन वेळच्या खानावळीची चिंता. पण रिकाम्या दिवशी गेटवरून परत फिरलो की ते मला त्यांच्या छापखान्यात बसवायचे आणि तिथं मी खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवायला शिकलो, उलटी अक्षरं वाचायला शिकलो. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, त्यात आम्ही बदलीवाले कुणाच्या खिजगणतीत. सहा महिने वाट बघितली आणि ट्रंक उचलून नगरला आलो.

इथं येऊन रिक्षा चालवली. मधेच विम्याची एजन्सी पण घेतली, पण मला बघून चर्चमधली माणसं बाजूच्या दरवाजानं बाहेर पडायला लागली तेव्हा सोडून दिली. घर चालत होतं ते बायकोच्या पगारावर, ती नर्स होती, हे मी कुठंही लपवत नाही.

88 ला एकांनी छापखाना मोडीत काढला, जुनं ट्रेडल, म्हणजे छपाईचं मशीन, आणि टाइपच्या केसेस, म्हणजे खिळ्यांचे खण, विकायला काढले. रिक्षा परमिटसकट विकली आणि मशीन घेतलं. पहिलं काम दिलं आमच्या पाळकसाहेबांनी, रविवारचा उपासनाक्रम, दोनशे प्रती. मजकूर यायचा शनिवारी संध्याकाळी आठला आणि कागद पाहिजे सकाळी साडेआठला. फायदा शून्य, पण तारीख पुढं ढकलायची सोयच नाही, रविवार काय कुणासाठी थांबतो का.

आता खिळ्यांचं सांगतो कारण आजच्या पोरांना कल्पना नाही. माझ्याकडं डिग्री टाइप होता, म्हणजे मूळ अक्षर मधल्या ओळीत, मात्रा, अनुस्वार, रफार वरच्या पट्टीत वेगळे आणि उकार खाली. एक ओळ म्हणजे तीन ओळींचं काम. आणि ते वरचे बारके खिळे फर्मा, म्हणजे चौकटीत बसवलेला मजकूर, नीट आवळला नाही की हलणार, तुटणार. एका रविवारी सगळी मंडळी उभी राहिली, प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि माझ्या पोटात गोळा आला, कागदावर छापलेलं "हे आमच्या स्वगातील पित्या". प्रार्थना तोंडपाठ असते म्हणून बरं, कुणी काही बोललं नाही. फक्त संडे स्कूलच्या मावशी बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अरे बाळा, तुझ्या स्वर्गाचा रफार खाली पडलाय, उचलून ठेव." पुढं वीस वर्षं मी दिसलो की पहिला प्रश्न तोच, काय रे, रफार आहे ना जागेवर?

त्या कागदाच्या तळाला छापखान्याचं नाव बारीक अक्षरात असायचं, त्यावरूनच लग्नपत्रिका यायला लागल्या. आधी आपल्या लोकांच्या, मग माळीवाड्याच्या, मग सगळ्या गावाच्या. माझ्याकडं सगळ्यात जास्त झिजलेला ब्लॉक, म्हणजे चित्राचा ठसा, कुठला म्हणाल तर गणपतीचा. आपले काहीजण नाक मुरडायचे, मी म्हणलं ज्याच्या घरचं लग्न त्याच्या मनासारखी पत्रिका, मी कोण ठरवणार.

98 ला कॉम्प्युटर आला, श्रीलिपी हे मराठी टाइपिंगचं सॉफ्टवेअर शिकलो ते वयाच्या चाळिशीत, एका बोटानं. नंतर ऑफसेट, नंतर फ्लेक्स. फ्लेक्समध्ये पैसा आहे पण उधारी बुडते. एका निवडणुकीत उमेदवार पडला आणि त्याच्याबरोबर आमचं बिलही पडलं, अजून उठलेलं नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लग्नंच नाहीत तर पत्रिका कुठल्या, ते वर्ष मुलानं औषधाच्या पिशव्या छापून काढलं. आणि 2024 ला नगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा लेटरहेड, शिक्के, बिलबुकं, सगळ्या गावाला एकदम नवी पाहिजेत! तोंडात अजून नगरच येतं ही गोष्ट वेगळी.

चर्चमध्ये आता प्रोजेक्टर आहे. दोनशेच्या तीस प्रती झाल्यात, म्हाताऱ्या माणसांसाठी, मोठ्या टाइपात. मुलगा म्हणतो प्रिंटरवर काढून देतो, दोन मिनिटांचं काम. दे म्हणतो, पण प्रूफ मीच बघतो, आणि सगळ्यात आधी स्वर्ग शोधतो. मावशी गेल्याला आता बरीच वर्षं झाली.

दुकान सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते रात्री आठ. रविवारी बंद, अर्जंट असलं तरी.