तुम्ही विचारलंत म्हणून : ‘पण तू स्वतः देव मानतेस का?’

प्रबंधाचा विषय सांगितला की पुढचा प्रश्न हाच येतो. विषय दुःखाचा आहे : ज्यांनी कोणाचं काही वाईट केलेलं नाही अशांच्या वाट्याला एवढं येत असताना न्यायी ईश्वर आहे असं म्हणता येईल का, आणि कर्मसिद्धांताने हा प्रश्न सुटतो का. ‘ते ठीक, पण तू स्वतः देव मानतेस का?’ नातेवाईक विचारतात, बरोबरचे संशोधक विचारतात, एकदा निवड समितीतल्या एकांनीही विचारलं. ‘हो’ म्हटलं तर माझे निष्कर्ष आधीच ठरलेले. ‘नाही’ म्हटलं तर ज्याच्याशी माझं देणंघेणं नाही तिथे मी कशाला नाक खुपसते? सहा वर्षं मी विषय बदलत आले. आता एकदाच सांगते.

आधी माझी तक्रार. या प्रश्नात ‘मानणं’ फार सैल आहे. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे लोक, वेदांचं प्रामाण्य मानतात, म्हणून दर्शनांच्या भाषेत ते आस्तिक. पण जगाचा कर्ता असा ईश्वर त्यांना मान्य नाही. त्यांच्यातल्याच कुमारिलभट्टांचा आक्षेप पाहा : ईश्वराने करुणेपोटी जग निर्माण केलं म्हणावं, तर निर्मितीच्या आधी करुणा करायला होतंच कोण? आणि करुणेनेच केलं असतं तर सगळं शुभच केलं असतं. एवढं म्हणूनही दर्शनांच्या वर्गवारीत हा माणूस आस्तिकच राहिला. मग माझ्याकडूनच हो किंवा नाही एवढ्यात उत्तर का हवं?

हा माझा बचाव. तो खोटा नाही, पण उत्तर टाळण्याचं खरं कारण दुसरं आहे.

एका चर्चासत्रात मी निबंध वाचला. ब्रह्मसूत्रं म्हणजे वेदान्ताचा मूळ सूत्रग्रंथ, त्यातलं २.१.३४ हे सूत्र घेतलं होतं. कोणी सुखी, कोणी दुःखी, म्हणजे ईश्वर पक्षपाती आणि निर्दय, या आरोपाला तिथे उत्तर आहे. भाष्यात शंकराचार्य पर्जन्याचा दृष्टान्त देतात. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच. एक भात आणि दुसरा जव का, याचं कारण ज्याच्या त्याच्या बीजात. तसा ईश्वर हे साधारण कारण, आणि सुखदुःखातल्या फरकाचं कारण ज्याचं त्याचं कर्म. मला यावर आक्षेप घ्यायचा होता आणि त्यासाठी मी एक मूल घेतलं. ‘समजा, क हे दोन वर्षांचं मूल आहे. त्याला असाध्य आजार आहे. मागच्या जन्मातलं त्याला काहीही आठवत नाही.’ ज्याला आपला गुन्हा आठवत नाही, कळतही नाही, त्याला झालेल्या शिक्षेला न्याय म्हणायचं का? हा आक्षेप नवा नाही. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक व्हिटली कॉफमन यांनी २००५ मध्ये तो मांडलाय, २००७ मध्ये मोनिमा चढ्ढा आणि निक ट्रकाकिस यांनी कॉफमनना उत्तरही दिलंय. मी दोन्ही बाजू मांडल्या, त्यावर माझी दुरुस्ती सांगितली. फळ्यावर क-१, क-२, क-३ अशी जन्मांची साखळी काढली. त्या आकृतीवर मी पंधरा दिवस घालवले होते.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या, उशिरा संशोधनाकडे वळलेल्या. तर्कशास्त्रात त्यांचा हात धरणारं आमच्यात कोणी नव्हतं. स्मृतीच्या आक्षेपावरचे सगळे प्रतिवाद मी मनात जुळवून ठेवले.

त्यांनी विचारलं, ‘क ला काय आवडायचं?’

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी तेवढ्याच शांतपणे पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, ‘ते या युक्तिवादाला लागू नाही.’

‘बरं,’ म्हणाल्या आणि बसल्या. पुढचा प्रश्न क-१ आणि क-२ ही एकच व्यक्ती कशावरून, असा होता. त्याचं उत्तर मी चांगलं दिलं. टाळ्या मिळाल्या. त्या बाईंचा मुलगा अडीच वर्षांचा असताना गेला, हे मला नंतर जिन्यात दुसऱ्या कोणाकडून कळलं.

तेव्हाच्या मला मी आजही सरळ चूक ठरवू शकत नाही. युक्तिवादाला क लागतो. त्याला नाव दिलं, आवडीनिवडी दिल्या की तो एका मुलापुरता उरतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून आधारविधान खरं ठरत नाही. आणि मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी वेगळं उदाहरण घेतलं असतं. इथवर मी तेव्हाच्या माझी बाजू लढवते आणि अडते. वेगळं म्हणजे कोणतं? दुसऱ्या कोणाचं तरी मूल? ईश्वर आणि दुःख याच प्रश्नावरच्या, तत्त्वज्ञ विल्यम रो यांच्या १९७९ च्या निबंधात वणव्यात होरपळलेलं हरणाचं पाडस आहे. ते काही दिवस तडफडून मरतं. त्या वाक्यापाशी मी दर वेळी थांबते. माझ्या क पाशी मीसुद्धा थांबले नव्हते. त्याला वय आणि आजार दिला, मला लागत होतं तेवढंच. मुलाचं दुःख कर्मसिद्धांत दुसऱ्याच कशाचा तरी पुरावा करून टाकतो, असा माझा आरोप होता. मी त्या दुःखाचं काय केलं होतं?

तर देव. न्यायदर्शनातले उदयनाचार्य म्हणतात की ईश्वराविषयीची न्यायचर्चा, म्हणजे तर्काने केलेली चर्चा, हे श्रवणानंतरचं मनन आहे, आणि ती उपासनाच आहे. पूर्वी मी हे वचन ढालीसारखं पुढे करत असे. त्या दिवसानंतर करवत नाही, कारण त्या दिवशी मी केली ती उपासना नव्हती, एवढं मला नक्की कळतं. त्या रात्री मी हात जोडून क्षमा मागितली. कोणाची, ते सांगता येत नाही. यावरून मला आस्तिकांत धरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी कुमारिलभट्टांचा आक्षेप पुन्हा वाचला आणि तो आदल्या दिवशीइतकाच बिनतोड वाटला. ती रात्र खरी होती, ही सकाळही खरी होती, आणि दोन्हींना एका वाक्यात बसवणं मला आजवर जमलेलं नाही.

गेल्या वर्षी, त्या निबंधावरून लिहिलेलं प्रबंधातलं प्रकरण मी बाईंना वाचायला दिलं. क तसाच ठेवला होता. काढला असता तर लपवाछपवी झाली असती. ठेवला तरी बरं वाटलं नाही. आठ दिवसांनी प्रत परत आली. क च्या पानावर एकही खूण नव्हती. चार पानं पुढे मी लिहिलं होतं, ‘म्हणून कर्मसिद्धांत दुःखाचं स्पष्टीकरण देऊ शकत नाही.’ त्यातल्या ‘म्हणून’खाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘हे निघत नाही. तुम्ही समर्थन खोडलंय, स्पष्टीकरण नव्हे.’

त्यांचं बरोबर होतं. ते प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतलं आहे.