भिंगरी, १८ वा आठवडा: सातच्या हल्ल्याचं कारण सापडलं

सलग चार संध्याकाळी भिंगरीचा, म्हणजे आमच्या कुत्र्याच्या पिल्लाचा, आईंच्या लुगड्याला दात लागला नाही! पाचव्या दिवशी लागला, तेही सांगते. पण आधी हे चार दिवस, कारण यांची मी दीड महिना वाट बघत होते.

मागच्या दोन नोंदींत मी सगळा दोष लुगड्याला दिला होता. हलणारा काठ दिसला की पिल्लू झडप घालणारच, असं धरून चालले होते. मग ११ दिवस वही ठेवली आणि ते गृहीतकच कोसळलं. सकाळी आई तसंच लुगडं नेसून तुळशीला पाणी घालतात, भिंगरी शेजारी लोळत असते, काठाकडे ढुंकूनही बघत नाही. हल्ला फक्त संध्याकाळी सातला, आई दिवा लावायला उठल्या की. डोळे तारवटलेले, कान मागे, हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखी.

वहीत झोपेचा रकाना घातला आणि बेरीज केली. दिवसरात्र मिळून जेमतेम १३ तास! या वयाच्या पिल्लाला १८ च्या आसपास लागते. आमच्याकडे दूधवाला, कामाच्या मावशी, पार्सल, मग मुलं शाळेतून. प्रत्येक बेलला ती उठत होती. क्रेट (तिचा झोपायचा पिंजरा) हॉलमध्ये ठेवायची चूक माझीच. तो मागच्या खोलीत हलवला, तीन बाजूंनी चादर टाकली, पंखा चालू ठेवला. आता सकाळी दोन डुलक्या, दुपारी एक मोठी आणि साडेपाच ते पावणेसात सक्तीची. पहिल्या दिवशी वीस मिनिटं कुरकुरली. तिसऱ्या दिवशी स्वतःहून आत जाऊन बसली.

टाइमआउटमध्येही (चावल्यावर थोडा वेळ खेळ थांबवणं) बदल केला आहे. चावली की उठून गेटपलीकडे जायचं, हे मला जमतं. आईंचे गुडघे दुखतात, त्यांना नाही. म्हणून आई खोलीत असताना पट्टा पलंगाच्या पायाला बांधते आणि मी तिथेच थांबते. दात लागला की आई फक्त दोन पावलं मागे सरकतात, वीस सेकंद गप्प राहतात, मग परत पुढे येतात. ओरडणं पूर्ण बंद, कारण ‘आई गं’ ऐकून ती जास्तच चेकाळते. शेजारचे काका नाकावर फटका द्या म्हणतात. तो मी कधीच देणार नाही. जवळ येणाऱ्या हाताची भीती बसली, तर पुढे खरा चावा निघतो. भिंगरी सहाव्या आठवड्यातच भावंडांपासून सुटली. किती जोरात चावलं की खेळ थांबतो हे तिला त्यांनी शिकवायचं, ते आता आपल्याला शिकवायचं आहे. परवा आईंचं बोट तोंडात आलं, तिने ते अलगद सोडलं आणि मागे बसली. आईंनी स्वतःच्या हाताने ट्रीट दिली!

(ओरखड्यातून रक्त आलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायचीच. पिल्लू लहान आहे, घरचंच आहे म्हणून सोडू नका.)

आता पाचवा दिवस. झोप पूर्ण झाली होती, तरी काठ ओढला आणि काठावर रक्ताचा ठिपका राहिला. घाबरून ओठ उचलला: वरचे पुढचे दोन दात गायब, तिसरा डुगडुगतोय, हिरड्या लालभडक. चटईवर एक दात सापडला, तांदळाच्या कणीएवढा. डबीत जपून ठेवलाय. २८ दुधाचे जाऊन ४२ कायमचे यायचे आहेत, त्यामुळे हे सातव्या महिन्यापर्यंत चालेल.

थंडाव्यासाठी ओला पंचा पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवला. तिला तो फार आवडला, अर्धा तास शांत होती. उद्यापासून रोज एक, असं लिहिणार होते, पण लिहिता लिहिताच थांबले. पंचा म्हणजे लुगड्यासारखं सुती कापडच की! महिन्याभरापूर्वी हीच चूक केली होती. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून कातड्याचं हाड दिलं, आठवड्यात ह्यांची कोल्हापुरी गेली. तिच्या लेखी दोन्ही चामडंच. शिवाय ओलं झालेलं कातडं तुकड्याने गिळलं तर आतड्यात अडकतं, ते आता घरात येणार नाही.

तेव्हा पंचा बाद. जाड रबराच्या पोकळ खेळण्यात मऊ भात आणि साधं दही भरून गोठवते. सोबत अख्खं, जाड, गोठवलेलं गाजर, मी समोर बसलेली असतानाच. शिंगाचे तुकडे नकोत. नखाने दाबून खाच पडत नसेल तर ती वस्तू दातांना फार कठीण, हे आमच्या व्हेटनी शिकवलं. वस्तू चावू नयेत म्हणून त्यांवर मारायच्या कडू स्प्रेवर पैसे घालवू नका, भिंगरीने सोफ्याचा पाय चाटून पुसून साफ केला.

सुळे अजून दुधाचेच आहेत, ते हलायला लागले की पुढची नोंद. आत्ता सहा चाळीस झालेत, क्रेटमधून घोरण्याचा आवाज येतोय आणि आई वाती वळत बसल्या आहेत.