शेवटचा भाव

मागच्या शनिवारी मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये मान वर केली आणि कॅमेरा हातातच राहिला. वर उंचावर कापसाच्या बाजाराचा भावफलक अजून लटकतोय. १९६८ साली इथला व्यवहार थांबला, त्या शेवटच्या दिवसाचे आकडे जसेच्या तसे आहेत. खाली आता नाट्यगृह आहे. लोक कॉफी घेऊन त्या आकड्यांखालून जातात, कोणी वर बघत नाही.

मी अर्धा तास बघत होतो. गावाकडे आमच्या कापूस खरेदी केंद्रावर भाव खडूने फळ्यावर लिहायचे. बाबांसोबत कापसाच्या बंडीवर बसून गेलो, की आधी त्या फळ्याकडे धावायचो. एका वर्षी दोन रात्री बंडी रांगेत होती. आमचा नंबर लागेस्तोवर फळा पुसून नवा भाव लिहिलेला. प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने कापसात हात घातला, ओल आहे म्हणाला, कटती लावून पैसे कापले. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हातात यायला उन्हाळा उजाडला. काल भाव काय होता हे दाखवायला बाबांजवळ काहीच नव्हतं, आणि इथे पन्नास वर्षांहून जुना भाव जपून ठेवलाय! कौतुक वाटलं, आणि पोटात तुटलंही.

पण नुसतं कौतुक करून मी गप्प बसणार नाही. मँचेस्टरच्या कापडगिरण्या चालल्या त्या मुख्यतः अमेरिकेच्या कापसावर, गुलामांनी वेचलेल्या. १८६१ मध्ये तिकडे युद्ध पेटलं, कापूस येईना, तेव्हा यांना आपलं वऱ्हाड आठवलं. अमरावतीच्या नावावरून आपल्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणायचे. आखूड धाग्याचा म्हणून नाकं मुरडली, तरी घेतला. आपल्या शकुंतलेला, यवतमाळ-मूर्तिजापूरच्या त्या छोट्या रेल्वेला, ओढणारं वाफेचं इंजिनही १९२१ साली याच मँचेस्टरमध्ये बनलेलं. मी इथे परका आहे असं कोणी म्हणालं, तर हे सगळं त्याला ऐकवायची माझी तयारी आहे.

इथे संध्याकाळच्या फोटोग्राफीच्या वर्गाला जातो. विषय मिळालाय, ‘शहर आणि मी’. दोन महिने शहरातल्या अँकोट्स भागातल्या लाल विटांच्या गिरण्यांचे फोटो काढतोय. मरेज मिल्स १७९८ पासूनच्या, आता तिथे फ्लॅट झालेत. चुलतभाऊ विचारतो, दुसऱ्यांच्या विटा काय काढतोस, गावचे फोटो काढ ना. त्याचं बोलणं लागतं. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे फोटो बाहेरच्यांनी किती काढले! भेगाळलेली जमीन, कपाळाला हात लावलेला माणूस, नवऱ्याची तसबीर धरलेली बाई. कापूस वेचणी सुरू करतानाच्या पूजेला, सीतादहीच्या दिवशी, पऱ्हाटीत, कापसाच्या झाडांत, दहीभात घेऊन हसणारी माझी आई त्यात कुठेच नाही. आम्ही कायम कॅमेऱ्यासमोर. एकदा तरी आमच्यातल्या कोणी कॅमेरा हातात धरून यांच्या शहराकडे बघावं, असं मला मनापासून वाटतं. गाव सोडून आलो म्हणून हे म्हणतोय का, तेही रात्री मनात येतं.

शेवटी कॅमेरा बाकावर ठेवला, टायमर लावला आणि फलकाखाली जाऊन उभा राहिलो. वर्गासाठी हाच फोटो देणार आहे.

बाबांना पाठवला. लगेच फोन आला. मी कसा दिसतो, जाड झालो का, काही नाही.

“काय भाव होता रे तवा?”

फोटो मोठा करून पाहिला, आकडे पुसट आलेत. येत्या शनिवारी लांबची लेन्स घेऊन परत जातोय.