दक्षिणेचा समुद्र

रत्नागिरीत जन्म काढलेल्या बाईला समुद्र कुठे आहे हे विचारावं लागत नाही. तो पश्चिमेलाच असतो. म्हणून सांता बार्बराला लेकीकडे आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी ईस्ट बीचवर सूर्यास्त बघायला जाऊन बसले, आणि सूर्य चक्क टेकडीआड गेला. ऑगस्ट संपत आला होता. लेक हसली. कॅलिफोर्नियाचा किनारा इथे आडवा वळलाय म्हणे. समुद्र दक्षिणेला, डोंगर उत्तरेला, आणि मधल्या पट्टीत साधारण ८८ हजार वस्तीचं गाव. वस्ती गावाची, घरांचे भाव मात्र दक्षिण मुंबईचे.

तिसऱ्या दिवशी वाळूतून फिरून आले तर दारातच लेक ओरडली, "आई, थांब, आत येऊ नकोस!" तळपाय काळेकुट्ट. उंबऱ्यापाशी तिने खोबरेल तेलाची बाटली ठेवलेलीच होती. आपल्याकडेही पावसाळ्याच्या तोंडाशी किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, पण त्याला आपण जहाजांना शिव्या घालतो. इथे समुद्राच्या तळातून तेल आपसूक पाझरतं. इथले मूळ रहिवासी चुमाश लोक याच डांबराने आपल्या फळ्यांच्या होड्यांच्या सांधी बुजवत. जानेवारी १९६९ मध्ये मात्र किनाऱ्यासमोरची तेलविहीर फुटली, हजारो पक्षी मेले, आणि अमेरिकेत पर्यावरणासाठी जे रान उठलं त्याला या काळ्या वाळूनेही हातभार लावला. मी तेल चोळत हे सगळं ऐकलं. डाग दोन दिवस राहिला.

गाव देखणं आहे, यात वाद नाही. पांढऱ्या भिंती, लाल कौलं, बोगनवेल. कौलं बघून मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. पण यातलं बरंचसं जुनेपण ठरवून आणलेलं आहे. २९ जून १९२५ च्या भूकंपात स्टेट स्ट्रीटवरच्या इमारती कोसळल्या. तेव्हा पर्ल चेस नावाच्या खमक्या बाई आणि त्यांच्यासारखी मंडळी अडून बसली, आणि गाव एकाच स्पॅनिश वळणाने उभं राहिलं. १९२९ चं कोर्ट तर राजवाडाच वाटावं. त्याच्या मनोऱ्यावरून चहूकडे कौलंच कौलं दिसतात. आजही दुकानावर पाटी लावायची तर समितीची परवानगी लागते. आमच्या नगरपालिकेने हे नुसतं मनात जरी आणलं तरी मोर्चा निघेल.

लेक ज्यांच्या परसातल्या दोन खोल्यांत राहते त्या घरमालकीण आजींनी हे घर पन्नास वर्षांपूर्वी घेतलं. त्यांची स्वतःची मुलं दुसऱ्या राज्यांत आहेत. इथे घर घेणं त्यांना जमलं नाही. आजी लिंबाच्या झाडाखाली बसून हे अगदी सहज सांगतात आणि हातावर चार लिंबं ठेवतात.

मिल्पास स्ट्रीटवर गेलं की वेगळंच गाव लागतं. मक्याच्या भाकरीचा वास, दुकानांत स्पॅनिश बोलणं. शहरातल्या तीन माणसांत एकाहून जास्त लॅटिनो आहेत, हे समुद्राकाठच्या रस्त्याने चाललं तर कळतच नाही. बसमध्ये कळतं. तिथेच मला माझ्या वयाची एक बाई भेटली. चार घरची साफसफाई करते, राहते साठेक किलोमीटरवरच्या ऑक्सनार्डला. पहाटे निघते. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही तसंच, त्यामुळे छान जमलं. माझा समुद्र कुठला, असं तिने विचारलं. मी हाताने पश्चिम दाखवली, सूर्य पाण्यात बुडतो तेही दाखवलं.

"आमच्याकडेही तसाच," ती म्हणाली.

मग रोज दिसत असेल, मी म्हटलं.

घरी जाताना बस समुद्राच्या कडेकडेनेच जाते, ती म्हणाली. पण तोवर तिचा डोळा लागलेला असतो.